निलगिरीचा पातेरा आणि हिरामावशीचा ब्लँक

बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला माझी नर्सरी आहे. झाडांची. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आजूबाजूला इतके टॉवर उभे राहिले आहेत की वर्षातून दोन-तीन आईबाप लेकराचं बोट धरून ॲडमिशनची चौकशी करायला माझ्या फाटकाशी येतात. मी त्यांना मोगऱ्याचं रोप दाखवतो. कधीकधी ते घेतातही.

त्याआधी अठरा वर्षं मी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण आता ती नाही आणि तिच्या जागी गोडाऊन आहे. लॅबमध्ये होतो म्हटलं की नातेवाइकांना मी शास्त्रज्ञ वाटायचो. प्रत्यक्षात मी नळ्या धुवायचो, पाण्याचे नमुने आणायचो आणि साहेब सांगतील तो आकडा वहीत उतरवायचो. पण एक गोष्ट तिथं अंगात मुरली. आमचे साहेब रोज सकाळी एकच प्रश्न विचारायचे, "ब्लँक लावला का?"

ब्लँक म्हणजे काय, ते सांगतो, कारण पुढची सगळी फजिती त्यावर उभी आहे. समजा, नाल्याच्या पाण्यात काय मिसळलंय ते तपासायचंय. तर त्या पाण्याच्या नळीशेजारी साध्या शुद्ध पाण्याची एक नळी ठेवायची आणि दोघींवर सारखेच सोपस्कार करायचे. जे औषध हिच्यात तेच तिच्यात, जेवढी उष्णता हिला तेवढीच तिला. फक्त नमुना नाही. ती रिकामी नळी म्हणजे ब्लँक. ती शेजारी असली की कळतं, जो फरक पडला तो नाल्याच्या पाण्यामुळे की आपल्या घाणेरड्या नळीमुळे. अठरा वर्षं मी प्रत्येक गोष्टीला ब्लँक लावला. लग्नालाही लावायला हवा होता, असं सुनीता, म्हणजे माझी बायको, अधूनमधून म्हणते. ती नमुना कोणाला म्हणते हे मी विचारलेलं नाही.

कंपनी बंद झाली तेव्हा मला वाटलं, सुटलो रसायनांच्या कटकटीतून. आता झाडं, माती, पाणी. सगळं कसं सात्त्विक. रसायन म्हणजे निळा ड्रम, त्यावर लेबल, लेबलवर कवटी, एवढीच माझी समजूत. झाडंही रसायनं बनवतात, आणि ती शेजाऱ्यावर सोडतात, आणि त्यांच्यावर लेबल नसतं, हे मला पहिल्यांदा कळलं ते उल्हासनगरच्या एका गच्चीवर, पोपटांमुळे.

माझं लहानपण उल्हासनगरात, कॅम्प चारमध्ये गेलं. आमच्या आईची तिथली मैत्रीण कमलादादी. सिंधीत मोठ्या बहिणीला दादी म्हणतात. आमची दादी तेव्हापासून सगळ्या गल्लीची मोठी बहीण. वय आता सत्तरीच्या पलीकडे, आवाज मात्र तिशीचा. एके दिवशी तिचा फोन आला. "विलास! तू केमिकलवाला है ना? आजा. जसोदाने मेरे गमलों में कुछ डाला है."

जसोदा म्हणजे तिची शेजारीण. दोघींच्या गच्च्यांमध्ये कमरेएवढी भिंत. तीस वर्षं त्या भिंतीवरून पापडाची लाटणी आणि घरातली भांडणं यांची देवाणघेवाण चाललेली. जसोदाच्या मुलाचा जीन्स शिवायचा कारखाना होता, त्यामुळे रंगाचं, ॲसिडचं पाणी ओतलं असा संशय घ्यायला दादीला फार लांब जावं लागलं नाही. भिंतीलगतच्या चार कुंड्यांत मेथी उगवेना, पालक उगवेना, आधीची रोपंही पिवळी पडली. दोन महिने दोघी बोलत नव्हत्या. पापडही बंद. हे शेवटचं मला फार लागलं, कारण त्यातले निम्मे आमच्या घरी यायचे.

मी कुंड्यांकडे बघितलं. वर तारेला एक थाळी टांगलेली, तिच्यात सूर्यफुलाच्या बिया. रोज सकाळी पोपट येत आणि बिया फोडून खात. खाली चारही कुंड्यांत काळ्यापांढऱ्या टरफलांचा थर.

केमिकलवाला असल्यामुळे मी अर्थातच आधी जसोदाच्या पाण्यावर संशय घेतला. दोन्ही गच्च्यांवरून माती आणि पाणी घेऊन घरी आलो. स्टीलच्या ताटल्यांत कापूस घालून मेथीचे दाणे पसरले. एका ताटलीला जसोदाकडचं पाणी, एकीला दादीच्या कुंडीतलं, एकीला टरफलं रात्रभर भिजवलेलं पाणी, आणि एकीला आपलं साधं नळाचं. ब्लँक. ओट्यावर जागा उरली नाही. सुनीता म्हणाली, "पाहुणे आले तर त्यांना जेवायला कशात वाढू? टेस्ट ट्यूबमध्ये?"

चौथ्या दिवशी ब्लँकमध्ये मेथी बोटभर. जसोदाच्या पाण्यातही बोटभर. दादीच्या कुंडीतल्या आणि टरफलांच्या पाण्यात मात्र दाणे नुसते फुगून पडलेले. एखाददुसऱ्याला मूळ फुटलं होतं, तेही टोकाशी तपकिरी.

सूर्यफूल आपल्या आसपास दुसऱ्या कुणाला सहज उगवू देत नाही. त्याच्या पानांत, मुळांत, टरफलांत असं काहीतरी असतं की जे पाण्यात उतरतं आणि शेजारच्या बीचं मूळ रोखतं. बदलापुरात राहणाऱ्यांना समजावून सांगायला मी एक उदाहरण देतो. सोसायटीत आपली गाडी बाहेर गेली की लोक पार्किंगच्या जागेत तुटकी कुंडी नाहीतर दोन विटा ठेवून जातात. झाडाला तर कुठं जाताही येत नाही. मिळालेल्या जागेत जन्म काढायचा. मग ते आपल्याभोवती अशा विटा ठेवतं, इतकंच. आपल्याला त्या दिसत नाहीत.

हे मी दादीला सांगितल्यावर तिनं वर थाळीकडे बोट केलं. "मतलब, तोता गुनहगार है?"

"तोता नाही, दादी. छिलका."

तिनं थाळी हलवून मोकळ्या कोपऱ्यात टांगली, खाली टरफलं झेलायला परात ठेवली. मग माफीबिफी न मागता पापडाचं मळलेलं पीठ घेऊन भिंतीपाशी गेली. जसोदा पलीकडून म्हणाली, "दो महीने बाद याद आई?"

"क्या करूँ," दादी म्हणाली, "तोतों ने भुला दिया था."

त्या दिवसापासून कॅम्प चारमध्ये मी झाडांचा डॉक्टर झालो. दादी ज्याला त्याला माझा नंबर देऊ लागली. कुणाची तुळस, कुणाचा मनी प्लँट. माणसाला डॉक्टर म्हटलं की तो तपासायच्या आधी बोलायला लागतो, तसा मी बोलायला लागलो. आणि असा बोलत असतानाच हिरामावशी फाटकातून आत आली.

हिरामावशी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरची. साठी ओलांडलेली, काटक. सीझनप्रमाणे रानभाज्या, काकड्या, गावठी वांगी घेऊन माझ्या फाटकाशी बसते. तिचा माल उन्हात सुकू नये म्हणून मी जाळीची सावली देतो आणि ती मला फुकटचे टोमणे देते. त्या दिवशी टोपली खाली न ठेवताच तिनं विचारलं, "विलास, धूर न करता राब होतो का र?"

बाहेरच्या वाचकांसाठी: आमच्या या भागात भाताचं रोप करायच्या जागेला राब म्हणतात. उन्हाळ्यात त्या तुकड्यावर शेण, झाडाच्या तोडलेल्या फांद्या, पातेरा म्हणजे वाळकी पानं, वर थोडी माती असे थर रचायचे आणि जाळायचे. त्यानं तणाचं बी मरतं, राख मिळते, जमीन भुसभुशीत होते. पावसाच्या तोंडावर तिथं भात पेरायचा आणि महिन्याभरात तयार झालेलं रोप उपटून शेतात लावायचं. भाजणं म्हणजे नुसतं जाळणं नाही, त्याला हात लागतो. पण धूर होतो तो होतोच.

"धुराचं काय झालं आता?" मी विचारलं.

"आमची वनिता. सून. राब भाजला का तिचा श्वास कोंडतो. गेल्या साली दवाखान्यान न्यावी लागली." मावशीनं टोपली खाली ठेवली. "ती बोलत नाय. पन मना कलतं ना."

आता प्रश्न किती सरळ होता बघा. त्याला सरळ उत्तर होतं, 'मला माहीत नाही, बघून सांगतो.' मी बिलाच्या मागच्या बाजूला आकृती काढली. भाजायचं नाही, कुजवायचं! पातेऱ्याचा जाड थर वाफ्यावर पसरायचा, त्याचं आच्छादन होईल, ओल टिकेल, हळूहळू खत होईल. फांद्या तोडायला नकोत, धूर नको. आणि पातेरा हवाच असेल तर त्यांच्या बांधापलीकडे निलगिरीची रांग होती, तिच्याखाली ढीगच्या ढीग पडलेला.

मावशीनं आकृती उलटसुलट बघितली. "निलगिरीचा पातेरा जलतो चांगला. पन न जालता?"

"तर काय झालं? पानंच ती."

"त्याच्याखाली गवतसुदिक नाय उगवत र."

ह्या वाक्याशी मी आजही मनात कितीतरी वेळा थांबतो. त्या दिवशी थांबलो नाही. उलट मला आनंद झाला. "तेच तर पाहिजे मावशी! तण उगवणार नाही!"

आता कुणीही मला विचारू शकतं, आणि सुनीतानं नंतर विचारलंही, की अहो, भात म्हणजे काय? भात हेही गवतच. निलगिरीला त्यातलं कोणतं गवत बिनकामाचं आणि कोणतं हिरामावशीचं, हे कोण सांगणार होतं? ज्या माणसानं सूर्यफुलाच्या टरफलांवरून अख्ख्या कॅम्प चारला व्याख्यानं दिली, त्याला वाटलं की टरफलाची गोष्ट वेगळी आणि पानाची वेगळी. पान म्हणजे खत. पान कुणाचं वाईट कसं करील?

मावशी उठताना एवढंच म्हणाली, "बघ हां. घरचं लाल भाताचं बी हाय. सासूनं दिलेलं. बाजारान नाय भेटत. सगलं यातच पेरनार."

"बिनधास्त पेरा," मी म्हणालो. डॉक्टर ना.

पेरणीनंतर बारा-तेरा दिवसांनी वनिताचा फोन आला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली. "काका, आत्या म्हणतात, एकदा येऊन जा."

स्कूटर बांधाशी लावली आणि लांबूनच पाहिलं. भोवतालच्या लोकांच्या राबांवर हिरवी लव आलेली, पोपटाच्या पाठीसारखी. मावशीचा राब तपकिरी. वर निलगिरीची भिजलेली पानं, छान वास येत होता. सर्दीला वाफ घेतो तसा. त्यातून कुठं कुठं भाताची पिवळी काडी, एखाद्या टक्कल पडलेल्या माणसानं जपलेल्या केसासारखी.

मी गुन्हेगार शोधायला लागलो. पाखरांनी दाणे टिपले का? नाही, पानांच्या थराखाली कसे टिपतील. खेकड्यांनी? बिळं नव्हती. मग मी ते वाक्य बोललो, ज्याची मला अजून लाज वाटते. "मावशी, बी जुनं होतं का?"

 वनितानं मावशीकडे पाहिलं आणि नजर वळवली. मग मावशी चालायला लागली. राबाच्या पार टोकाला, करवंदीच्या जाळीमागं गेली आणि तिथं उभी राहिली. मी मागोमाग गेलो.

तिथं दोन चटया अंथराव्यात एवढा तुकडा होता. हिरवागार, दाट. वारा आला की सगळा एका बाजूला कलत होता.

"ह्यो कोपरा मी भाजला," मावशी म्हणाली.

"कधी?"

"वनिता माहेरी गेली त्या दिशी."

"मला नाही सांगितलंत ते?"

"तुझा मान राखला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पन सासूचाबी राखायचा होता. तिचं बी ते. सगलं तुझ्या आकृतीवर कसं टाकू?"

तेच बी. तोच दिवस. तीच जमीन, तेच पाणी. फक्त एका जागी पातेरा जाळलेला आणि दुसऱ्या जागी तसाच पसरलेला. अठरा वर्षं साहेब ज्या एका गोष्टीसाठी माझ्यावर खेकसत होते ती गोष्ट मी विसरलो आणि लॅबचं तोंडही न पाहिलेल्या बाईनं केली. मी बांधावर बसलो. माझ्या तोंडून निघालं, "ब्लँक."

"कंचा?"

"ब्लँक मावशी. तुम्ही ब्लँक लावलात. मी लावला नाही. चूक बीची नाही, माझी आहे. निलगिरीच्या पानांनी रोखलंय त्याला. ती जाळली असती तर जे काय त्यांच्यात आहे ते जळून गेलं असतं. तुम्ही सांगत होतात आणि मी..."

"बिलांक," मावशीनं शब्द तोंडात घोळवून बघितला. मग म्हणाली, "रडू नको आता. ह्या कोपऱ्यानं शेत नाय भरायचं. बोल, बाकीचं कसं उठवायचं?"

मी रडत नव्हतो, पण तसा दिसत असेन. पातेरा दूर करून बोटानं माती उकरली. दाणे निघाले. काही काळे, कुजलेले. पण बरेचसे फुगलेले होते, आणि टोकाशी पांढरा बारीक ठिपका. निघायचं म्हणत उंबऱ्यात अडकलेला पाहुणा असावा तसे. मेलेले नव्हते. अडवलेले होते.

त्यातले मूठभर रुमालात बांधले, घरी आणले, स्वच्छ पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतले आणि दोन ताटल्यांत ओल्या कापसावर ठेवले. निम्मे साध्या पाण्यात, निम्मे निलगिरीची पानं भिजवलेल्या पाण्यात. सुनीतानं या वेळी ताटल्या स्वतः काढून दिल्या. काय झालं ते मी तिला सांगितलं होतं. ती न मागता ताटल्या देते तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

पण ताटल्यांचा निकाल लागेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवसापासून आम्ही राबावरचा पातेरा हातानं वेचायला लागलो. फावडं लावलं तर दाणे निघून येणार, म्हणून हातानं. मावशी, वनिता, मी, आणि रविवारी सुनीताही आली. जे पाण्यात उतरून बीपर्यंत पोचलं ते पाण्यानंच परत जाईल, हा माझा हिशेब होता. म्हणून वाफ्याच्या खालच्या अंगाला बांध फोडून वाट केली आणि वरून येणारं पाणी अलगद फिरवून बाहेर काढत राहिलो. चहाच्या रंगाचं पाणी निघत होतं. वनिता वाकून वेचताना म्हणाली, "काका, धूर नाही म्हणून मला यंदा श्वास आहे, आणि त्याच श्वासानं मी पानं वेचतेय." हसत म्हणाली. पण ते हसणं घेऊन मी घरी आलो आणि मला जेवण गेलं नाही. तिच्यासाठी सुरू झालेली गोष्ट तिच्याच घरच्या बियाण्यावर उलटली होती, आणि त्याबद्दल तिला स्वतःला अपराधी वाटत होतं. म्हणजे माझ्या चुकीचा तिच्यावर आळ.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून सुनीताची हाक आली. "अहो डॉक्टर! पेशंट उठला!"

साध्या पाण्यातल्या दाण्यांना मुळं फुटली होती. सगळ्यांना नाही, पण ताटली पांढऱ्या दोऱ्यांनी भरल्यासारखी दिसत होती. शेजारच्या, निलगिरीच्या पाण्यातले दाणे तसेच पडून. मी ती ताटली तशीच, झाकण घालून, स्कूटरच्या पुढच्या बाजूला दोन पायांत धरून पाड्यावर नेली. मावशीनं ती उजेडात धरून बघितली आणि वनिताला हाक मारली. तिच्या हातात ताटली देऊन म्हणाली, "बघ. आजेसासूचं बी हाय. असं तसं नाय मरत."

राबावरही आठवड्याभरात हिरवं दिसायला लागलं. विरळ, उशिरा, पण हिरवं. लावणीच्या वेळी हिशेब केला तर नेहमीच्या रोपाच्या निम्म्याहून थोडं कमी होतं, आणि त्यातलं सगळ्यात तगडं त्या भाजलेल्या कोपऱ्यातलं. इकडे लावणीत एका जागी चार-पाच काड्यांचा जुडगा लावतात. आम्ही एकेक, फार तर दोन काड्या लावल्या, आणि हातभर अंतर ठेवून. पलीकडच्या शेतातून आवाज आला, "काय हिराबाय, लावनी केलीस का रांगोली काढलीस?" शेत खरोखरच ठिपक्यांच्या रांगोळीसारखं दिसत होतं. मावशीनं कमरेवर हात ठेवून उत्तर दिलं, "ठिपके मी टाकले. रेघा तो काढंल."

भातानं काढल्या. मोकळी जागा मिळालेल्या एकेका काडीला फुटवे फुटले, दाट झाले, आणि नवरात्रापर्यंत ठिपके कुठले हे सांगता येईना. एक तुकडा मात्र पडीक राहिला, तिथं लावायला रोपच नव्हतं. त्या तुकड्यावरून जाताना मी मान वळवायचो. भात दरवर्षीपेक्षा कमी झाला, खायला पुरला आणि बियाण्याचा डबा भरला. मावशीनं मला नव्या लाल भाताची पेज प्यायला बोलावलं. मी म्हणालो, मला लाज वाटते. ती म्हणाली, "मंग लाज वाटत पी."

पुढच्या वर्षी मी आकृती काढली नाही. विचारत गेलो. मावशी कुठली पानं राबाला चालवते, कुठली नाही, कुठल्या झाराखाली काय उगवतं. हो, झाराखालीच, तिच्याशी बोलता बोलता माझ्याही तोंडी तिचं झार बसलंय. वेचलेला निलगिरीचा पातेरा आम्ही आधीच खड्ड्यात शेणाबरोबर वर्षभर पुरून ठेवला होता. कुजून काळा झाला, वास गेला, तेव्हा त्याच्या पाण्यावर मेथी लावून बघितली. ती मजेत उगवली. म्हणजे झाडानं ठेवलेल्या विटाही कायमच्या नसतात, मातीतले किडेजंतू त्या उचलून नेतात, फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो. मग उंच वाफे केले, गिरणीतून तुसाची राख आणून पसरली, वर हे कुजलेलं खत. धूर नाही. आणि एक कोपरा, दोन चटयांएवढा, मावशीच्या पद्धतीनं भाजलेला, वनिता माहेरी असताना. दोन्हीकडे रोप सारखं आलं. भाजलेलं जरा जास्त चांगलं, असं मावशीचं मत आहे. मी वाद घालत नाही.

तिनं मला आणखी एक गोष्ट दाखवली. रस्त्याकडेला गाजरगवत माजलंय, तुम्ही पाहिलं असेल; पांढऱ्या बारीक फुलांचं, ज्यानं अंगाला खाज सुटते. तेही शेजाऱ्यांना उगवू देत नाही. पण मावशीच्या बांधावर ते नव्हतंच. तिथं टाकळा होता, आपण पावसाळ्यात भाजी करतो तो. "टाकल्याला जागा दिली का ते येत नाय," ती म्हणाली. मी अर्थातच ताटल्या काढल्या. टाकळ्याच्या पाण्यात गाजरगवताचं बी खरंच नीट उगवेना. विटा ठेवणाऱ्याला विटा ठेवणारा भेटला. बदलापूरच्या एका सोसायटीनं मागच्या प्लॉटवरचं गाजरगवत काढायचं काम मला दिलं, तिथं मी टाकळ्याचं बी फेकलं तेव्हा चेअरमन धावत आले, "पैसे घेऊन तण लावता?" आता त्यांच्या मिसेस जूनमध्ये कोवळी पानं खुडून नेतात, आणि गाजरगवत फाटकाबाहेर थांबलंय. पूर्ण गेलं नाही. पण थांबलंय.

मध्यंतरी, दिवाळीच्या आधी, हिरामावशी काकड्या घेऊन आली होती. जाताना कमरेची पिशवी सोडून एक पुरचुंडी माझ्या टेबलावर ठेवली. आत लाल भात.

"हे कशाला मावशी? पेज मी प्यायलो की."

"खायाला नाय. बी हाय. थोरं तुझ्याकरं ठेव."

 "माझ्याकडे? ज्यानं तुमचं बी घालवायला काढलं होतं, त्याच्याकडे?"

"आमच्याकरं पूर आला, उंदीर लागले, आनखी कुनी शाना आकृती घेऊन आला," ती म्हणाली, "तं तुझ्याकरं असंल ना थोरं. काय म्हनतोस तू त्याला? बिलांक."

 ती टोपली डोक्यावर घेऊन फाटकापर्यंत गेली. तिथं माझ्या विक्रीच्या निलगिरीच्या पिशव्या रांगेत ठेवलेल्या आहेत; लोक वासासाठी नेतात. तिनं एक पान चुरगळून नाकाशी धरलं आणि मागं वळून ओरडली, "याच्यापासून लांब ठेव हां!"

पुरचुंडीतलं बी मी बाटलीत भरलं, पण बंद बाटलीत बी म्हातारं होतं, म्हणून येत्या पावसाळ्यात त्यातलं मूठभर मी पेरणार आहे, नर्सरीच्या मागं, निलगिरीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात. बाकीच्या बियांची बाटली कपाटात आहे. कंपनीतल्या सवयीनं मी तिच्यावर लेबल चिकटवलं आणि जुन्या वळणदार अक्षरात लिहिलं: लाल भात. हिरामावशी. ब्लँक. सुनीतानं ते वाचलं, पेन मागून घेतलं, आणि खाली बारीक अक्षरात लिहून ठेवलं: डॉक्टरांना विचारू नये.